गाडीला विचारून घेतलेलं चाक

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी, लहानशा मठात एक वृद्ध सत्पुरुष राहत असत. मोठ्या उपाध्या त्यांना मानवत नसत, म्हणून सारे त्यांना नुसतं आबा म्हणत. मठाची संपत्ती म्हणाल तर पोथ्यांचं एक कपाट, एक दुभती गाय आणि कुणा भाविकानं फार पूर्वी अर्पण केलेली एक जुनी मोटारगाडी. तिच्या जातीच्या गाड्या आता रस्त्यावर क्वचितच दिसत. दिसली तर लोक थांबून कौतुकानं पाहत आणि पुढे जात.

दृष्टी शाबूत होती तोवर आबा ती गाडी स्वतः चालवत. पुढे डोळ्यांवर पडदा आला, तेव्हा त्यांनी आपल्या शिष्येला शेजारी बसवून चालवायला शिकवलं. तिचं नाव इंदुमती. यजमान गेल्यावर ती मठात सेवेला आली आणि तिथलीच झाली. सकाळी पोथीचा अध्याय आणि दुपारी गाडीचे गिअर असं तिचं शिक्षण एकाच गुरूंकडे झालं. दोन्ही विषयांत आबा सारखंच रागावत, असं ती हसून सांगे.

घाटावर, वरच्या पठारावर, विखुरलेली वस्ती होती. तिथल्या बायकांना बाळंतपणासाठी खाली गावच्या दवाखान्यात आणायचं तर मठाच्या गाडीवाचून सोय नव्हती. तालुक्याहून दवाखान्याची मोठी गाडी निघायची, ती घाट चढून येईपर्यंत वेळ हातचा गेलेला असायचा. पठारावर भामा नावाची एक पोर होती. तिचं पहिलं बाळ या घाटातच गेलं. त्या दिवशी मठाची गाडी दुरुस्तीला टाकलेली होती, म्हणून भाड्याची जीप केली होती. इंदुमती भामाचं डोकं मांडीवर घेऊन त्या जीपमध्ये बसली होती. एका अवघड वळणावर जीप अडकली ती अडकलीच. त्यानंतर भामा पुन्हा गरोदर राहिली, तेव्हा इंदुमती पठारावर जाऊन तिला म्हणाली होती, "या खेपेला तुला मीच खाली नेणार. काळजी करू नकोस." देवापुढे बोलल्यासारखं ती ते बोलली होती.

आता भामाचे दिवस भरत आले होते, आणि नेमकी त्याच वेळी गाडी अडली. नवरात्र बसण्याच्या सुमारास घाटातल्या एका खड्ड्यात पुढचं चाक असं आदळलं, की टायर शाबूत राहिला आणि आतल्या लोखंडी चाकालाच तडा गेला. बाकीची चाकं उतरवून पाहिली, तर टायर जिथे टेकतो तिथे गंजानं कडा खाल्लेल्या. रात्री हवा भरावी आणि सकाळी ती गेलेली असावी. गावच्या पंक्चरवाल्यानं सांगून टाकलं, की या चाकांचं आयुष्य सरलं, दुसरी बघा.

इंदुमतीनं आबांना विचारलं, "आबा, चाकं कशी घेऊ?"

आबा गोठ्यात गाईच्या पाठीवरून हात फिरवत होते. ते म्हणाले, "गाडीला विचारून घे."

इंदुमतीला वाटलं, हे आबांचं नेहमीचं गूढ बोलणं. पोथीत असतं तसं. तिनं मान डोलावली आणि आपल्या कामाला लागली.

मठाचे एक भाविक होते, धान्याचे मोठे व्यापारी. मन मोठं, आवाजही मोठा, आणि देहही त्याला साजेसा. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली, तसे ते दुसऱ्याच दिवशी टेम्पोतून नवीकोरी चाकं घेऊन दारात उभे राहिले. चाकं कसली, आरसेच ते. पांढऱ्या धातूची, ताऱ्यासारख्या आऱ्यांची, जुन्या चाकांपेक्षा मोठी आणि चांगली रुंद, वर नवे टायर चढवलेले. शेठजी म्हणाले, की देवीच्या सेवेतली गाडी, तिला साजेसं लेणं नको का? खंडेनवमीला पूजा होईल तेव्हा गाव बघत राहिलं पाहिजे.

इंदुमती हरखली. तिनं लगोलग जॅक लावला आणि एक चाक चढवून पाहिलं. चार बोल्ट, चार भोकं, अगदी समोरासमोर. नट फिरवले, घट्ट बसले. चाक हातानं फिरवलं, ते भिरभिर फिरलं. तिच्या मनावरचं ओझं उतरलं. संध्याकाळपर्यंत चारही चाकं बसली, आणि ती जुनी गाडी लग्नघरातल्या आजेसासूसारखी नटून अंगणात उभी राहिली.

आता इथे इंदुमतीच्या नेमाविषयी सांगायला हवं. नवरात्राचे उपास ती दरवर्षी करत असे, त्यात नवल नाही. पण या वर्षी सप्तमीला पठारावरून निरोप आला, की भामाचं पोट खाली उतरलंय, आता कधीही. त्या क्षणी इंदुमतीनं देवीपुढे मनातल्या मनात आणखी एक नेम धरला. भामा सुखरूप सुटेपर्यंत फराळ नाही, दूध नाही, फळही नाही, केवळ पाणी. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. आबांनाही नाही. नेमाची वाच्यता केली की त्याचं पुण्य उणावतं, अशी तिची समजूत होती. ताट वाढलं की ती काहीतरी निमित्त काढून उठे.

खंडेनवमी उजाडली. या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची, वाहनांची पूजा होते, आणि एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नसतो. वर्षभर राबणाऱ्या वस्तूंना ही एक दिवसाची विश्रांती. मठाच्या अंगणात मंडळी जमली. शेठजी सपत्नीक आले होते. गाडी धुऊन पुसून लखलखीत केलेली. बॉनेटवर झेंडूची माळ. इंदुमती हळदी-कुंकवाचं तबक घेऊन पुढे झाली.

आबांनी हात आडवा केला. तिच्या हातातलं तबक काढून घेतलं आणि ओट्यावर नेऊन ठेवलं. मग म्हणाले, "तुळशीवृंदावनाला लावायला गेरू भिजवलाय ना, ते घमेलं आण."

तिला वाटलं, आबांना कमी दिसतं, काही घोटाळा झाला असेल. पण गुरूंनी सांगितलं म्हणून तिनं घमेलं आणलं. आबा जमिनीवर उकिडवे बसले, दोन्ही हात गेरूत बुडवले आणि समोरच्या चाकाच्या टायरला थापू लागले. वर, कडेला, आतल्या अंगाला, जिथे हात पोचेल तिथे. नव्याकोऱ्या टायरवरून लाल ओघळ वाहू लागले. त्या आरशासारख्या ताऱ्यांवरही शिंतोडे उडाले. एक झालं की चाचपडत दुसरं, मग तिसरं. मंडळी एकमेकांकडे बघू लागली. मागे कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, की आबांनी गाडीचंच वृंदावन केलं, आता मंजिऱ्या लावायच्या राहिल्या. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शेठजींच्या कपाळावर मात्र आठी पडली. त्यांनी फार विचारपूर्वक, आवाज शक्य तितका खाली आणून विचारलं, की आबांची तब्येत ठीक आहे ना.

इंदुमतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांनी दान दिलं त्यांच्या डोळ्यांदेखत त्या दानाला चिखल फासावा तसा गेरू फासला जात होता, आणि फासणारे तिचे गुरू होते.

चौथं चाक झाल्यावर आबा हात झटकत उठले. "शेठजी, तुम्ही मागे बसा. वहिनी, तुम्हीही. आणि तो आपला मठातला आचारी कुठंय, त्यालाही बोलवा. अंगापिंडानं भरलेली आणखी कुणी मंडळी असतील तर लाजू नका."

"आबा, ही वरात कुठं निघाली म्हणायची?" शेठजींनी विचारलं.

"याच अंगणात. फार लांब नाही."

गाडी भरली. मागची बाजू चांगलीच खाली बसली. इंदुमतीनं स्टेअरिंग धरलं. आबा खिडकीशी उभे राहून सांगू लागले. अगदी हळू चालव. आता डावीकडे पूर्ण वळव, स्टेअरिंग फिरेल तितकं. आता उजवीकडे. आता तो दगडी उंबरठा ओलांड, मागची चाकं त्यावरून जाऊ दे. गाडीनं अंगणात दोन फेऱ्या घेतल्या. कुठूनतरी दबका घासल्याचा आवाज आला, पण तो आचाऱ्याच्या हसण्यात विरून गेला.

"थांब. सगळे उतरा. आता बघ."

इंदुमती खाली वाकली. मागच्या दोन्ही मडगार्डांच्या आतल्या कडेला गेरूचा ओला लाल पट्टा उमटला होता. ती पुढे गेली, गुडघ्यांवर बसून आत डोकावली. डाव्या चाकामागच्या लोखंडी दांडीवर गेरू. उजवीकडे मडगार्डच्या पत्र्यावर गेरू. जिथे चाकानं कधी स्पर्शही करू नये, तिथे तिथे ते शिवून आलं होतं.

 ती म्हणाली, "पण आबा, भोकं तर जुळली होती."

आबा ओट्यावर टेकले. हाताला लागलेला गेरू वाळू लागला होता.

"भोकं जुळली म्हणजे पत्रिका जुळली, इतकंच. संसार पुढे असतो. अगं, गाडी रिकामी उभी असताना तिला कुठलंही चाक शोभतं. चाकाची परीक्षा दोन वेळा होते, अंगावर भार पडतो तेव्हा आणि वळण येतं तेव्हा. उद्या तू घाट चढली असतीस रिकामी, काहीसुद्धा झालं नसतं. तुला वाटलं असतं, झकास. उतरताना मात्र मागे भामा, तिची सासू, सामानसुमान, आणि समोर ती वळणं. प्रत्येक वळणाला पत्र्याची धार टायरला कापत राहिली असती. कुठल्या वळणावर तो फाटला असता, ते मी सांगू शकत नाही."

 आबांनी इंदुमतीला एक चाक उतरवायला सांगितलं आणि मधलं मोठं छिद्र दाखवलं. गाडीच्या मधल्या लोखंडी कड्याभोवती ते सैल होतं, कडेनं तिचं बोट सहज आत गेलं. जुनं चाक त्या कड्यावर डब्याच्या झाकणासारखं बसत असे. गाडीचा भार ते कडं पेलायचं आणि नट केवळ चाकाला जागेवर धरून ठेवायचे. इथे सारा भार त्या चार बोल्टांवर लोंबकळत होता.

"मी तुला म्हटलं होतं, गाडीला विचारून घे. तू चाकालाच विचारलंस. नवीन वस्तू विचारलं की हो म्हणतेच, ती दिसायला एवढी चांगली असते. उत्तर जुन्या वस्तूकडे असतं. किती उंचीची जागा आहे, किती आत बसायचं, किती बाहेर, मधोमध किती, हे सगळं त्या गाडीच्या अंगावर लिहिलेलं आहे. ते वाचायचं आणि त्या मापाचं शोधायचं. मग ते चकाकलं नाही तरी चालेल."

शेठजींचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, की मी तर चांगल्या भावनेनं आणली होती, आणि माझ्या हातून एका गरोदर बाईचा जीव धोक्यात आला असता. आबांनी त्यांच्या खांद्यावर तो लाल हात ठेवला. पांढऱ्या सदऱ्यावर पंजा उमटला, पण शेठजी मागे सरले नाहीत.

"तुमचं दान खोटं नाही, शेठजी. ते फक्त दुसऱ्या गाडीचं आहे. ती गाडी सापडेल तुम्हाला."

इंदुमती उठली. पदर खोचला. तिला चक्कर आल्यासारखं झालं, तिनं ते गाडीला धरून लपवलं. ती म्हणाली, "आज संध्याकाळपर्यंत चाकं आणते."

मंडळींनी समजावलं, की आज खंडेनवमी, बाजारात कुणी हत्याराला हात लावणार नाही, उद्या दसरा झाल्यावर जा. ती म्हणाली, की भामाचं बाळ दसरा बघून येणार आहे का?  शेठजींनी आपला टेम्पो आणि चालक तिच्या हवाली केला. तिनं जुनी चाकं टायरसकट टेम्पोत टाकली, तडा गेलेलं धरून. या वेळी ती चकाकी शोधायला निघाली नव्हती. गाडीचं माप सोबत घेऊन निघाली होती.

शहरातल्या मोठ्या दुकानात तिची चाकं बघून विक्रेता गालात हसला. असली आता येत नाहीत म्हणाला, म्युझियममध्ये बघा. तिनं विचारलं, की म्युझियम कुठल्या रस्त्याला आहे, आणि तो वरमला. दुसऱ्या दुकानात जवळपास तशीच लोखंडी चाकं निघाली. तिनं जुनं आणि नवं पाठीला पाठ लावून उभी केली आणि डोळा लावून बघितलं. उंची तीच, भोकं तीच. मधलं छिद्र मात्र केसभर लहान. दुकानदार म्हणाला, "चालतंय की ताई, थोडं घासून मोठं करू." सकाळी हेच वाक्य तिला गोड लागलं असतं. ती म्हणाली, "चालतंय ते नकोय. बसतंय ते हवंय." आणि बाहेर पडली.

ऊन चढलं. ज्या गॅरेजवर जावं तिथे पाटावर पाने, हातोडे, स्क्रू ड्रायव्हर मांडलेले, वर झेंडूची फुलं, उदबत्तीचा धूर. आज नाही, परवा या. आज नाही. टेम्पोचा चालक जेवायला थांबला, ती पाण्याचा घोट घेऊन टेम्पोतच बसून राहिली. त्यानं घरी परत फिरू म्हटलं, तेव्हा तिनं पुढच्या नाक्याकडे बोट दाखवलं.

शहराच्या टोकाला एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्याचीही पूजा झालेली. पण त्यानं टेम्पोतलं चाक बघितलं आणि जुना दोस्त भेटावा तसा तो जवळ आला. मागच्या बाजूला अगदी याच जातीची एक गाडी पडून होती. इंजिन कधीच गेलेलं, आत कोंबड्या नांदत होत्या. चाकं मात्र आत, छपराखाली, विटांवर आडवी ठेवलेली, म्हणून गंजाच्या तावडीतून सुटलेली. इंदुमतीनं एकेक चाक जुन्याला लावून पाहिलं. उंची, रुंदी, आतली खोली, मधलं छिद्र. मग फरशीवर घरंगळत सोडलं, डुलतं का ते बघायला. चाक सरळ रेषेत भिंतीपर्यंत गेलं. स्टेपनी धरून पाचही तशीच निघाली.

पण टायर उतरवून यांच्यावर चढवायचे तर हत्यारं लागणार, आणि हत्यारं पाटावर फुलांखाली विसावलेली. मिस्त्रीनं हात जोडले. म्हणाला, उभ्या आयुष्यात आजच्या दिवशी पाना उचलला नाही, माझ्या बापानंही नाही.

इंदुमतीनं वाद घातला नाही. देवीची भक्ती तिलाही होती, दुसऱ्याचा नेम मोडायला लावणं तिला जड गेलं. तिनं केवळ भामाची हकीकत सांगितली. ते वळण, ती जीप, ते बाळ. सांगून झाल्यावर म्हणाली, "तुमची हत्यारं मला द्या, मी करते. पाप माझ्या माथी."

मिस्त्रीनं पाटाकडे पाहिलं. मग पुढे होऊन त्यानं फुलं हलकेच बाजूला केली, पाना उचलून कपाळाला लावला. "ताई, तुम्ही नका हात लावू, बोटं चेंगरतील. देवीला मी सांगतो. बाळंतपणाचं काम आहे म्हटल्यावर तीच म्हणेल, ऊठ लवकर."

दिवेलागणीच्या आधी टेम्पो मठात परतला. इंदुमतीनं चाकं चढवली. आबा ओट्यावर बसून होते. तिनं स्वतःच उरलेला गेरू कालवून टायरांना थापला, आचाऱ्याला आणि शेजारच्या चार जणांना हाक मारून गाडीत बसवलं आणि अंगणात फेऱ्या घेतल्या. मडगार्ड कोरडे, दांडी कोरडी. तेव्हा कुठे तिनं तबक आणून गाडीला हळदीकुंकू वाहिलं.

दसऱ्याच्या सकाळी, आपट्याची पानं अजून वाटायची होती तेव्हा, पठारावरून भामाच्या सासूचा, ठकूबाईचा, फोन आला. कळा सुरू झाल्यात, लवकर या.

इंदुमती किल्ली घेऊन धावली. गाडीत बसली. स्टेअरिंगवर हात ठेवले. समोरचं अंगण क्षणभर अंधारून आलं, पुन्हा उजळलं. तिला वाटलं, जरा दम घेतला की ठीक होईल. वर जायचं म्हणजे काय, रिकामीच तर जायचंय.

हा विचार मनात आला मात्र, तिचं तिलाच काहीतरी लखकन दिसलं. देव्हाऱ्यापुढे बसून धरलेला तिचा नेम किती सुंदर दिसत होता. कुणाला न सांगितलेला, कडक, चकचकीत. तो नेमही उभ्या गाडीला बसलेल्या त्या चाकासारखाच होता. आज त्याच्यावर भामाचा भार पडायचा होता, आणि घाटात वळणं होती.

ती गाडीतून उतरली आणि स्वयंपाकघरात गेली. आचारी दसऱ्याच्या नैवेद्याच्या गडबडीत होता. तिनं त्याच्याकडे दूध मागितलं, दोन केळी मागितली, सकाळचा गरम उपमा मागितला. घास घशाखाली उतरताना डोळे भरून आले. तिनं देव्हाऱ्याच्या दिशेनं पाहिलं, पण क्षमा मागावी की आणखी काही, ते तिला सुचेना. मागे आबा येऊन उभे होते. त्यांनी चमचाभर तूप आणून तिच्या उपम्यावर घातलं आणि गेले.

डोळ्यांपुढची अंधारी गेली. ती घाट चढून गेली.

उतरताना गाडी भरलेली होती. मागे भामा, तिला धरून ठकूबाई, पायांशी बोचकी. ठकूबाईचं देवीचं नाव घेणं आणि नातवाला दटावणं एकाच दमात चाललेलं, की बाबा, खाली पोचेपर्यंत धीर धर, बापावर जाऊ नकोस, त्याला कशाचाच धीर निघत नाही. भामाला त्या कळांतही हसू फुटलं.

त्या अवघड वळणाशी आल्यावर मात्र भामाचं हसणं थांबलं. समोरून दसऱ्याच्या सणाला निघालेला एक लांब ट्रक वर चढत होता. इंदुमतीनं गाडी दरीच्या बाजूला घेतली. स्टेअरिंग फिरेल तितकं पूर्ण फिरवलं, मागे सारा भार, चाक खड्ड्याच्या काठावरून उतरलं. तिनं कान टवकारले. घासल्याचा आवाज आला नाही. गाडी आपलं अंग वळवून निघाली, घरातली बाई दारातून पदर सावरत निघते तशी.

"इंदूताई, तेच वळण का गं?" भामानं विचारलं.

"तेच. मागं गेलं बघ."

दवाखान्याच्या पायऱ्यांशी परिचारिकांनी भामाला उतरवून घेतलं. दुपार कलण्याआधी आतून रडण्याचा आवाज आला, चांगला खणखणीत. मुलगी झाली होती. नातू म्हणून इतका वेळ दटावणारी ठकूबाई डोळे पुसत म्हणाली, की तरीच म्हटलं इतकं ऐकलं कसं.

संध्याकाळी इंदुमती मठात परतली. आबा आपट्याची पानं घेऊन ओट्यावर बसले होते. तिनं वाकून नमस्कार केला, पानं घेतली, आणि खाली बसून सप्तमीपासूनचं सगळं त्यांना सांगितलं. शेवटी म्हणाली, "आबा, माझ्या हातून नेम मोडला. ती सुटायच्या आधी मी जेवले."

आबा म्हणाले, "तू भामाला काय शब्द दिला होतास?"

"तुला मीच खाली नेणार, असा."

"नेलंस?"

"नेलं."

आबांनी उरलेली आपट्याची पानं तिच्या ओंजळीत ठेवली.  गोठ्यात गाईनं मान हलवली तशी गळ्यातली घंटा वाजली, आणि इंदुमती धार काढायला उठली.

आपणही व्रत धरावं, जरूर धरावं. पण धरण्याआधी आपल्या जुन्या संसाराला एकदा विचारून घ्यावं, की तुझ्या भारात आणि तुझ्या वळणांवर हे बसेल ना?